पनिन्नाचा वाटा

आमच्या चर्चमधली पोरं दर नाताळाला अंक काढतात. जुन्या करारातल्या ज्या बायका आणि आया फारशा कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्यावर यंदा लेख द्या, असं त्यांनी सगुणाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगून ठेवलं होतं. तिनं होकार दिला होता. पुढं चैत्रात ती वारली. पोरं भेटायला आली, बसली, रडली. जाताना त्यातला एक उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आजोबा, मग तेवढं तुम्हीच लिहून द्या की. पानं सोडलीत." पोरगं सरळ बोललं, म्हणून राग आला नाही. पानं सोडली असली तर ती भरली पाहिजेत.

माझं शिक्षण चौथी. ती मिशनच्या बोर्डिंगात सातवी झालेली. तिनं लिहिलं असतं तर नीट झालं असतं. माझं होईल तसं होईल. उपदेश मला येत नाही. मी पुस्तकं विकणारा माणूस.

आता हा धंदा कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. पुण्याच्या एका संस्थेनं मला भोर आणि वेल्हे हे दोन तालुके नेमून दिले होते. पाठीला पत्र्याची पेटी, तिच्यात शास्त्राची पातळ पातळ पुस्तकं, मोठ्या टाइपातली. खांद्यावर कापडी चित्रांचा गुंडाळा. गावात गेलं की दोन बांबू रोवायचे, आडव्या काठीला गुंडाळा टांगायचा, एकेक चित्र खाली सोडायचं आणि गोष्ट सांगायची. गोष्ट आवडली तर लोक पुस्तक घेत. एसटी जिथं संपायची तिथून आमची वाट सुरू. पावसाळ्यात इरलं, उन्हाळ्यात टोपी, बाकी सगळं सारखं.

पुस्तक घेणारा वाचतोच असं नाही, हे पहिल्या सहा महिन्यांत कळलं. सारोळ्याच्या पुलापाशी ट्रकवाले घ्यायचे आणि काचेपुढं ठेवायचे. घाटात कुठला तरी देव जास्तीचा बरोबर असावा म्हणून. एका शाळामास्तरानं पाच वर्षं प्रत्येक नवं पुस्तक घेतलं आणि दर वेळी त्यातल्या चुका काढून मला वाचून दाखवल्या. असलं गिऱ्हाईक दुसरं मिळालं नाही. वरवे बुद्रुकला पलटणीतून आलेले एक हवालदार होते. त्यांना गोष्टी नको असायच्या. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला, अशी जी शास्त्रात नावांची यादी आहे ती त्यांना आवडे. हजेरी घ्यावी तशी ते ती मोठ्यानं वाचत. एकदा सगळी यादी वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले,

"पुस्तकवाले, एवढी पल्टन झाली. ह्यांच्या आया कुठं हायत?"

सगुणा मागं उभी होती. ती म्हणाली, "हायत की, हवालदारसाहेब. हजेरीला न्हाईत, पर हायत. शोधाव्या लागत्यात."

शोधण्याचं काम तिचं होतं. संस्थेच्या कागदावर नोकरी एकट्या माझी. पण बाया पुरुषाशी बोलत नसत, म्हणून ती बरोबर यायची. संध्याकाळी कंदिलापाशी ती शास्त्र वाचायची, कोपऱ्यात पडलेल्या बाया हुडकून काढायची आणि मला सांगायची. दुसऱ्या दिवशी मी त्या हातवारे करून गावाला सांगायचो. आवाज माझा, गोष्ट तिची. लोक म्हणायचे, पुस्तकवाल्याला काय गोष्टी येतात! मी ते ऐकून घ्यायचो.

आणखी एक सांगून टाकतो. आम्ही आज्यापासून ख्रिस्ती. आमची भावकी पुढं बौद्ध झाली. गावाला त्याचं काही नसे. पाणी दोघांनाही वरूनच ओतायचे. नंतर नंतर बदललं. पण सुरुवातीला सगुणाची जागा घराच्या मागच्या अंगणात आणि माझी पारावर, हे ठरलेलं होतं. मागच्या अंगणात जे कळतं ते पारावर कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

कुठली गोष्ट कुठं चालते हे अनुभवानं कळतं. लढायांना गिऱ्हाईक नाही. बायांच्या गोष्टींना आहे. अबीगईलची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल! तिचा नवरा नाबाल, पैसेवाला आणि अडाणी. दावीद तेव्हा राजा झाला नव्हता, माणसं घेऊन डोंगरात होता. त्यानं खायला मागितलं तर नाबालानं शिव्या दिल्या. दावीद तलवार घेऊन निघाला. हिनं नवऱ्याला न सांगता दोनशे भाकरी, पाच मेंढरं, हुरडा, अंजीर, सगळं गाढवांवर लादलं आणि वाटेतच त्याला गाठून घर वाचवलं. पुरुषांना यातला दावीद आवडायचा. बाया मात्र सगळ्या गावांत एकच विचारायच्या.

"मामा, दोनशे भाकरी थापल्या कुनी?"

"तिनंच असतील."

"एकटीनं? सकाळच्या पारी? गडी मानूस सांगतोय, कळतंय."

मग हसणं व्हायचं आणि पुस्तकं खपायची.

मानोहाच्या बायकोचं तर नावही लिहिलेलं नाही. शमशोनाची आई. देवदूत आला तो तिच्याकडं, नवऱ्याकडं नाही. नवऱ्याला खरं वाटेना. त्यानं दूताला परत बोलावून घेतलं, तेच ऐकलं, आणि मग घाबरून म्हणाला, आता आपण मरणार, आपण देवाला पाहिलं. बायको म्हणाली, मारायचं असतं तर आपला नैवेद्य कशाला घेतला असता? ही सगुणाची आवडती. मला काही सुचेनासं झालं की ती म्हणायची, "बसा मानोहा, जरा विचार करू द्या."

रिस्पाची गोष्ट मी कधी सांगितली नाही. तिच्या लेकांना मारून डोंगरावर टांगलं होतं. ही तरट अंथरून खडकावर बसली. सुगी सुरू झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत तिनं पाखरांना आणि जनावरांना शिवू दिलं नाही. ती गोष्ट सगुणा सांगायची, चित्र न लावता, अंगणात. सांगितल्यावर कुणी काही विकत घ्यायचं नाही आणि लवकर उठायचंही नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो.

गोष्ट कोयनेचा भूकंप झाला त्याच्या मागोमागची. वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनीच्या पलीकडं एक लहान गाव आहे. नाव लिहीत नाही. भाताची झोडणी उरकली होती, माणसं मोकळी होती. सगुणाला ताप होता, म्हणून मी एकटाच गेलो.

आमच्या कामाचा एक नेम होता. गावात शिरल्या शिरल्या बांबू रोवायचे नाहीत. आधी सगुणा पाणवठ्यावर जाऊन बसायची. कुणाकडं मयत झालीय, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाचं पोर गेलं, हे तिला अर्ध्या तासात कळे. मग ती मला सांगायची, आज ही गोष्ट नको, ती घ्या. त्या दिवशी ती नव्हती. मी सरळ पारावर गेलो, बांबू रोवले आणि हन्नाचं चित्र सोडलं.

हन्ना पुष्कळांना माहीत आहे. शमुवेलाची आई. एलकाना नावाच्या माणसाला दोन बायका. हन्नाला मूल नाही, पण नवऱ्याची लाडकी. दुसरी पनिन्ना, तिला लेकरंच लेकरं. दर वर्षी सगळी देवाच्या ठिकाणी जायची, आणि दर वर्षी पनिन्ना हन्नाला टोचून बोलायची. हन्ना रडायची, जेवायची नाही. शेवटी तिनं देवळात रडून देवाला मागणं घातलं आणि तिला शमुवेल झाला. एवढी गोष्ट.

मी ती रंगवली. पनिन्नासाठी कमरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं, काखेत पोर असल्यासारखा चाललो. बाया हसायला लागल्या. एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. मला वाटलं, आज रंग भरलाय. मी आणखी तोंड वाकडं केलं. कडेला एक बाई उभी होती. काखेत तान्हं, पदराला दोन पोरं. ती मधेच निघून गेली. मी पाहिलं आणि सोडून दिलं. पोर रडत असेल म्हटलं. त्या दिवशी त्या गावात पूर्वी कधी खपली नव्हती तेवढी पुस्तकं खपली. घरी येऊन मी सगुणाला ते सांगितलं. ती म्हणाली, "पाणवठ्यावर जाऊन आला होता ना आधी?" मी म्हटलं, "व्हय."

शिमग्याच्या आधी आम्ही दोघं पुन्हा त्या गावाला गेलो. ओढ्यापाशी एक बाई हंडा घेऊन वर येत होती आणि मागं सात-आठ पोरं ओरडत होती, "पनिन्ना आली, पनिन्ना आली, लेकरं घिऊन पनिन्ना आली!" बाई मान खाली घालून निघून गेली. मला आधी बरंच वाटलं, की शास्त्रातलं नाव पोरांच्या तोंडी बसलं. सगुणानं माझ्याकडं पाहिलं आणि ती पाणवठ्याकडं गेली.

अर्ध्या तासानं ती आली. माझ्या पाठीची पेटी तिनं खाली उतरवली. मग म्हणाली, "बसा हितं."

त्या बाईचं नाव हौसा. तिचा नवरा कोंडीबा, आणि थोरली बायको सोनाबाई. सोनाबाईला मूल झालं नाही, म्हणून कोंडीबानं सारोळ्याची हौसा आणली. तिला तीन झाली, सहा वर्षांचा लेक, चार वर्षांची लेक आणि एक तान्हं. शेताचं सगळं काम हौसाचं. किल्ल्या सोनाच्या कमरेला. कोंडीबा जेवायचा सोनाच्या हातचं, बोलायचा सोनाशी. हौसानं सोनाला कधी टोचून बोललेलं गावात कुणी ऐकलं नव्हतं. पण माझी गोष्ट झाली त्या दिवसापासून गावानं दोघींची नावं ठरवून टाकली होती. सोनाबाईनं तर उपास धरले होते. लोकांसमोर जेवायची नाही, डोळे पुसायची. बाया म्हणायच्या, अगदी हन्ना.

आणि आता कोंडीबानं ठरवलं होतं, की घरात रोजची रडारड नको. हौसाला तान्ह्यासकट माहेरी धाडायचं. मोठी दोन पोरं सोनाच्या ओटीत घालायची. हौसाचा भाऊ पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होता.

"तुमी अर्धीच गोष्ट सांगितली," सगुणा म्हणाली.

"शास्त्रात आहे तेवढी सांगितली."

"वाटे सांगितले?"

"कसले वाटे?"

"देवाचा बोकड कापल्यावर एलकाना वाटे घालायचा. पनिन्नाला आन तिच्या पोरांना एकेक. हन्नाला दोन. पोरांच्या देखत. हे सांगितलं का?"

मी म्हटलं, तेवढं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नव्हतं. मला ते बिनकामाचं वाटलं होतं.

"मग आता पारावर जा," ती म्हणाली. "बांबू रोवा. तेच चित्र सोडा, आणि सांगा की मागल्या वेळी मी चुकीचं सांगितलं."

मी नाही म्हटलं. का नाही, तेही लिहितो. पुस्तकवाला चुकला असं एकदा कबूल केलं, की लोक म्हणतात पुस्तकच चुकलं. पुन्हा त्या गावात एक पान खपलं नसतं. पुण्याला कळलं असतं तर साहेबानं विचारलं असतं, शास्त्र सांगायला नेमलंय का तमाशा करायला? हे सगळं मी तिला सांगितलं. हे खरंही होतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. ज्या पारावर लोक माझ्या बोलण्याला हसले होते, तिथं ते मला हसावेत हे मला नको होतं.

"म्हंजे पुस्तक वाचवायचं," ती म्हणाली, "बाई गेली तरी चालंल."

"तुला जमतंय तर तू बघ. मी पारावर बोलणार नाही."

ती उठली आणि कोंडीबाच्या घराच्या मागच्या अंगणात गेली. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. हौसा उखळात वरई कांडत होती. सोनाबाई सूप घेऊन बसली असावी. सगुणानं आधी गाय कधी व्याली ते विचारलं, मग नाचणी किती झाली ते. शेवटी सोनाबाईच म्हणाली,

"बाई, ती हन्नाची गोष्ट तुमी सांगा की. मामांनी लई झ्याक सांगितली हुती. म्या त्या दिसापास्नं दोन उपास वाढिवलं."

"सांगते की. मामांनी वाट्याचं सांगितलं का?"

"न्हाई बा."

"तुमच्यात देवीला बोकड पडतो, तवा वाटे कसे घालता?"

"पानावर. घरटी सारखे. कमीजास्त केलं तर भांडणं व्हत्यात."

"बराबर. तर हा एलकाना. त्यानं पनिन्नाला एक वाटा दिला, तिच्या लेकांना एकेक, लेकींना एकेक. आन हन्नाला दोन. सगळी एका जागी बसल्यात. पोरं आईला विचारत्यात, आये, मोठ्या आईला दोन कशापायी? आता ती काय सांगंल? तुमच्या बाचं माझ्यावर मन न्हाई, मला तुमच्यासाठी आणलीया, हे सांगंल? दर सालाला तेच. मग ती बोलली. बोलू नये ते बोलली. पर का बोलली ते मामांनी सांगितलं न्हाई."

मुसळाचा आवाज थांबला होता.

"म्हंजी चूक हन्नाची म्हना," सोनाबाई म्हणाली.

"हन्नाची कशी? वाटे नवऱ्यानं घातले."

"मग हन्नानं काय करावं, बाई? कूस रिकामी. तिनं काय करावं?"

"तिनं केलं की. देवळात गेली, देवाला म्हणाली, मला दे. मला. पनिन्नाची चार हायत, त्यातली दोन काढून दे, असं न्हाई म्हणाली. दुसरीच्या पदराखालचं तिनं मागितलंच न्हाई. म्हणून ती हन्ना."

सूप जमिनीवर आपटलं. मग सोनाबाईचा आवाज वेगळा आला.

"तुमाला कुनी पढवून धाडलंया? हिनं?"

"म्या न्हाई वो आक्का," हौसा म्हणाली. "ल्येकराची शपत. म्या तर बाईला आजच बगतीया."

"उठा, बाई. उनाच्या आत घरला जावा. आमच्या घरात तुमची पनिन्ना नगं आन हन्ना बी नगं."

सगुणा बाहेर आली. वाटेनं मी विचारलं, काय वाटतं? ती म्हणाली, "मला काय ठावं? गोष्ट सांगितली. वाटे त्यांनी घालायचे."

भाऊ यायचा त्या दिवशी तिनं मला ओढून पुन्हा त्या गावाला नेलं. तिला म्हणायचं होतं, काही झालं तर निदान हौसाच्या बरोबर एसटीपर्यंत तरी चालू. आम्ही वाटेवर उभे राहिलो तेव्हा निघायची वेळ झालीच होती. ओट्यावर हौसा, काखेत तान्हं, शेजारी बोचकं. भाऊ खाली उभा, टोपी हातात. कोंडीबानं मोठ्या पोराचं मनगट धरलं होतं आणि पोरगं जनावरासारखं ओरडत होतं. मधली पोर हौसाच्या लुगड्यात शिरली होती. अर्धं गाव बघायला जमलं होतं. पारावरची तीच माणसं. मी तिथं दोन शब्द बोललो असतो तर ऐकलं असतं त्यांनी. सगुणानं माझा सदरा ओढला. मी जागचा हललो नाही.

सोनाबाई घरातून बाहेर आली. ती रडली नाही, हौसाला जवळ घेतलं नाही. नवऱ्याला म्हणाली,

"धनी, पोरगा सोडा."

"आगं, तुझ्याच वटीत घालतुया न्हवं?"

"मला नगं. सांजच्याला त्यो आईच्या नावानं रडंल, त्याला कोन बगनार? म्या न्हाई बगायची. आन लावनीला चिखलात कोन उतरनार? तुमी?"

कुणीतरी हसलं. कोंडीबानं इकडं तिकडं पाहिलं.

"मग तुजं काय म्हननं?"

"माजं म्हननं, दुसरीचं नगं. पावना लांबनं आलाय, त्याला जेवाय वाढा आन लावून द्या."

कोंडीबाचा हात सुटला. पोरगं पळत जाऊन आईच्या मांडीला चिकटलं. भाऊ जेवला आणि एकटाच सारोळ्याला परत गेला. त्या दिवशी हौसाच्या ताटात कुणी काय वाढलं ते मला माहीत नाही. मी बाहेर होतो.

हौसा घरात राहिली, पण नाव राहिलंच. पोरं ओरडायची ती ओरडत राहिली. मग मोठीही तेच म्हणू लागली. पनिन्नाचं शेत, पनिन्नाचा लेक. त्या गावाला आम्ही पुढं आठ-नऊ वर्षं जात होतो. दर वेळी वेशीपाशी सगुणा म्हणायची, "आज सांगता का पारावर?" मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. मग तिनं विचारणं सोडलं. ती मागच्या अंगणात जायची, मी पारावर. हन्नाचं चित्र मी गुंडाळ्यातून फाडून टाकलं होतं. एवढं मात्र मी केलं.

पुढं संस्थेनं फिरतं काम बंद केलं. मला भोरला दुकानात बसवलं. त्यानंतर सगुणा मरेपर्यंत त्यावरून मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दारात टेम्पो थांबला. एक म्हातारी उतरली, लेकाचा हात धरून. लेक पन्नाशीचा, डोक्याला टक्कल. म्हातारी आत आली, घमेलंभर आंबेमोहोर तांदूळ खाली ठेवला आणि म्हणाली, "वळखलं का, मामा? पनिन्ना." मग भिंतीवर सगुणाचा फोटो होता, त्याच्याकडं बघत बसली. तो लेक म्हणजे मनगट धरलेला पोरगा.

घरात चर्चमधल्या चार-पाच बाया होत्या, दोन माणसं होती. मला वाटलं, आता नाही तर कधी? मी उभा राहिलो. गोष्ट सांगताना उभा राहायचो तसाच. म्हटलं, "हौसाबाई, त्या साली तुमच्या गावात पारावर मी हन्नाची गोष्ट सांगितली, ती अर्धी सांगितली. मी तुमच्या घरची चौकशी केली नव्हती. लोकांना हसवायला मी पनिन्नाचं सोंग केलं. तुमचं नाव माझ्यामुळं पडलं. गावासमोर सांगायला पाहिजे होतं, बायको सांग म्हणत होती, मी सांगितलं नाही. आज एवढ्या माणसांसमोर सांगतो. ते नाव तुमचं नाही."

बायांना काही कळलं नाही. हौसाबाई तांब्यातलं पाणी प्याली, तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मामा, लई उशीर केलासा," ती म्हणाली. "ज्यांनी हसायचं ती हसून गेली. पारावरलं आता कोन बी न्हाई."

"ते खरं."

"सोनाआक्का शेवटाला दोन वर्सं आंथरुनाला हुती. म्याच केलं समदं, हागनं-मुतनं. तिला कुनाची वळख ऱ्हायली न्हवती. धन्याची न्हाई, पोरांची न्हाई. म्या भाइर गेले की हाका मारायची. पनिन्ने, ए पनिन्ने, कुठं गेलीस गं? माज्यासंग जेव की गं. म्या आल्याबिगर घास घेत न्हवती." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आता तिच्या तोंडचं तेवढंच ऱ्हायलंय माज्यापाशी. ते बी काढून घेता व्हय?"

मी खाली बसलो. लेक म्हणाला, "आये, निघू या का?" ती म्हणाली, "बस थोडा. मामांच्यात चा घिऊन जाऊ."

चहा झाला का ते बघायला मी आत गेलो. कुणी ठेवलाच नव्हता.